दुसऱ्याच्या नावाची बुडी

ढुंढिराजशास्त्र्यांचं एकच ठाम मत होतं, ते म्हणजे माणसाने ठाम मत ठेवू नये. सकाळी बालाजी घाटावर देशावरून आलेल्या यात्रेकरूंना संकल्प सांगायचा, दहा वाजता शाळेत जाऊन संस्कृत शिकवायचं, संध्याकाळी दूधविनायकाच्या गल्लीतल्या आपल्या घरी परतून गरम वरणभात जेवायचा. काशीतली बावीस वर्षं त्यांनी अशी बिनबोभाट काढली होती.

संकल्प सांगण्यात त्यांचा हात धरणारा घाटावर कोणी नव्हता. यात्रेकरूच्या तळहातावर पळीभर पाणी घालायचं, स्थळ, तिथी, वार घडाघड म्हणायचे आणि "आता आपलं गोत्र आणि नाव बोला" म्हणून थांबायचं. तो नाव घेणार, पाणी सोडणार आणि त्या संकल्पाला बांधला जाणार. शास्त्री नुसते सांगणारे. दिवसाकाठी वीस जणांचे वीस संकल्प त्यांच्या तोंडून बाहेर पडत, पण एकही त्यांच्या अंगाला चिकटत नसे.

नावाच्या बुडीवर तर त्यांचा विशेष भर. कोणाची आई साताऱ्याला अंथरुणाला खिळलेली असायची. शास्त्री मुलाला सांगत, "तिचं नाव घ्या आणि एक बुडी मारा. तिला पोचते." मुलगा विचारी, "नक्की ना, गुरुजी?" "तिने स्वतः मारल्यासारखी!" शास्त्री छातीवर हात ठेवून म्हणत. यात लबाडी मुळीच नव्हती. त्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता, आणि तोच पुढे त्यांच्या अंगाशी आला.

सन तीसच्या जानेवारीत स्वराज्याची प्रतिज्ञा गावोगाव घ्यायची ठरली, तेव्हा गल्लीतल्या तरण्या मंडळींनी शास्त्र्यांना गाठलं. नुसता कागद वाचून काय होतंय, गंगेचं पाणी हातात घेऊन करू, तुम्ही सांगा, असा त्यांचा हट्ट. सगळ्यांच्या पुढे होती शास्त्र्यांचीच मुलगी कालिंदी. सोळा वर्षांची, बोलायला फटकळ, आणि बापाची भारी लाडकी.

शास्त्र्यांना आधी ते पटलं नाही. "देश आपला आहे हे पाणी हातात धरून कशाला सांगायचं?" ते म्हणाले. "आईला आई म्हणायला कोणी शपथ घेतं का?" पण मग त्यांनी विचार केला, आपलं काय जातंय? आपण सांगणारे. सव्वीस तारखेच्या थंडीत पन्नासएक माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहिली. शास्त्र्यांनी खणखणीत आवाजात प्रतिज्ञा सांगितली, प्रत्येकाने नाव घेतलं, पाणी सोडलं. शास्त्री घरी येऊन जेवले आणि झोपले.

ऑगस्टात गंगा चढली. घाटाच्या पायऱ्या बुडाल्या, यात्रेकरू आटले. शाळेत जायला शास्त्र्यांचा नेहमीचा रस्ता घाटांवरून होता, तो बंद झाला. आता गल्लीतून जायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तोंड द्यायचं.

अशातच एका शनिवारी शाळेच्या रायसाहेबांनी सगळ्या मास्तरांना बोलावून घेतलं. शाळा त्यांच्या पैशांवर आणि सरकारी मदतीवर चालायची, त्यामुळे तिथे त्यांचा शब्द शेवटचा. एप्रिलात दोन मास्तरांनी राजनिष्ठेच्या कागदावर सही केली होती आणि तिसऱ्या दिवशी ते मीठ करायला निघून गेले होते. रायसाहेबांना ते फार लागलं होतं.

"कागज़ का क्या भरोसा," ते म्हणाले. "सोमवारी शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टरसाहेब येताहेत. त्यांच्यासमोर प्रत्येकजण गंगाजल हातात घेऊन बादशहाशी निष्ठेची शपथ घेईल. जो घेणार नाही, त्याने मंगळवारी येऊ नये. आणि सांगतील आपले शास्त्रीजी."

शास्त्र्यांनी मान हलवली. सांगायचंच होतं ना!

"लेकिन शास्त्रीजी," रायसाहेब हसून म्हणाले, "पहले आप. आधी स्वतःचं गोत्र आणि नाव घेऊन पाणी सोडायचं, मग दुसऱ्यांना सांगायचं."

बाहेर पडल्यावर शिवराम नावाचा गणिताचा तरुण मास्तर शास्त्र्यांच्या मागोमाग आला. जानेवारीत तोही पाण्यात उभा होता. "गुरुजी, मी आजच राजीनामा दिला," तो म्हणाला. "तुमच्याच तोंडून एक शपथ घेतलीय, आता तुमच्याच तोंडून दुसरी कशी घेऊ? आणि ज्या राजाला प्रजेकडून शपथ वदवून घ्यावी लागते, त्याचा स्वतःवर तरी विश्वास आहे का?"

"तू बांधलेला आहेस, तेव्हा तू योग्य केलंस," शास्त्री म्हणाले. "मी मोकळा आहे. त्या दिवशी मी माझं नाव घेतलं नव्हतं."

शिवरामने वाकून नमस्कार केला आणि तो निघून गेला. तो नमस्कार शास्त्र्यांना फार टोचला. भांडला असता तर बरं झालं असतं.

रविवारभर ते घरात येरझारा घालत राहिले. पन्नाशी उलटलेल्या संस्कृतच्या मास्तराला दुसरी नोकरी कोण देणार? घाट पाण्याखाली. बायको सीताबाई दम्याने बेजार. वाईट काय होतं त्यात? चार शब्द म्हणायचे, पळीभर पाणी सोडायचं. मन खात होतं, नाही असं नाही, पण शास्त्र मोडत नव्हतं. माणूस एकदाच बांधला जातो, आणि आपण तर अजून एकदाही बांधले गेलेलो नाही. हे त्यांनी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की दिवेलागणीला त्यांना थोडं बरंसुद्धा वाटलं. तेवढ्या बऱ्या वाटण्याच्या भरात त्यांनी ते कालिंदीलाही सांगितलं.

कालिंदी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"बाबा, उद्या तुम्ही पाणी सोडू नका."

"का? मी मोकळा आहे. मी नाव घेतलं नव्हतं."

"तुम्ही घेतलं नव्हतं," ती खाली बघत म्हणाली. "मी घेतलं होतं."

"म्हणजे?"

"सगळे आपापलं नाव घेत होते. तुम्ही एकटेच वर उभे, सांगत. मला वाटलं, सांगणाऱ्याला स्वतःची शपथ घेता येत नाही, तर बाबा राहूनच जातील. म्हणून मी माझं नाव घेतलंच नाही. कौशिक गोत्र, ढुंढिराज, असं म्हटलं, पाणी सोडलं आणि बुडी मारली."

आतून सीताबाईंच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"पोर आहेस तू!" शास्त्री ओरडले. "असं काही चालत नाही. मला विचारलं नाही, माझी संमती नाही..."

"साताऱ्याच्या म्हातारीला कोण विचारतं?"

बावीस वर्षं छातीवर हात ठेवून शास्त्र्यांनी जे सांगितलं होतं, ते आज त्यांच्याच घरात येऊन बसलं होतं. ती बुडी खोटी म्हणावी, तर हजारो मुलांना फसवलं असं कबूल करावं लागणार. खरी म्हणावी, तर उद्या आपण बांधलेल्या हातानेच पाणी सोडणार. रात्री ते जेवले नाहीत. पोरीचा त्यांना भयंकर राग आला होता.

सोमवारी शाळेच्या दालनात टेबलावर ताम्हन ठेवलं होतं. इन्स्पेक्टरसाहेब खुर्चीत बसून घड्याळ बघत होते. दहा मास्तर भिंतीला लागून उभे होते. दाराशी चपराशी होता. रायसाहेबांनी स्वतः पळी घेऊन शास्त्र्यांच्या तळहातावर गंगाजल घातलं. पुराचं पाणी, गढूळ, मातकट.

शास्त्र्यांनी सुरुवात केली. काशीचं नाव घेतलं, महिना, पक्ष, तिथी, वार. जीभ सवयीने धावत होती. "कौशिक गोत्र..." इथवर आले आणि थांबले. यात्रेकरू इथेच थांबतात, लाजतात, चुकतात, आणि शास्त्री त्यांना हसून धीर देतात. आज धीर द्यायला कोणी नव्हतं. बोटांच्या फटींतून पाणी झिरपून गेलं. हात रिकामा झाला.

"फिर से," रायसाहेब म्हणाले आणि त्यांनी पुन्हा पळी ओतली.

तेही पाणी गेलं. तिसऱ्यांदा ओतलं. मास्तरांपैकी कोणीतरी खाकरलं. शास्त्र्यांना सीताबाईंची घरघर आठवली, बुडालेल्या पायऱ्या आठवल्या. नाव घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं, अगदी देवाशपथ ठरवलं होतं. पण ज्या आवाजात ते रोज यात्रेकरूंशी बोलत, त्याच आवाजात भलतंच वाक्य बाहेर पडलं.

"हे नाव आधीच दिलेलं आहे."

"क्या मतलब? किसने दिया?"

"माझ्या मुलीने," शास्त्री म्हणाले. "घाटावर. मला न विचारता. पण पोचलंय ते."

रायसाहेबांनी पळी ताम्हनात टाकली. "तो फिर आप जा सकते हैं," ते म्हणाले. शास्त्र्यांनी ओला हात उपरण्याला पुसला आणि ते चपराशाच्या बाजूने बाहेर पडले. मागे पुढच्या मास्तराचं नाव पुकारलं गेलं, ते त्यांना ऐकू आलं. तो काय म्हणाला, ते ऐकायला ते थांबले नाहीत.

भर दुपारी बाबा घरी आलेले बघून कालिंदी दारातच उभी राहिली. काय झालं ते तिला विचारावं लागलं नाही. तिचे डोळे भरून आले.

शास्त्र्यांनी पायावर पाणी घेतलं. मग तांब्या खाली ठेवून म्हणाले, "पुन्हा कोणाचं नाव घेशील, तर आधी विचारत जा."

"विचारलं असतं," कालिंदी म्हणाली, "तर तुम्ही हो म्हणाला असता?"

शास्त्र्यांनी तिच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत त्यांनी कोणत्याच प्रश्नाला इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "नसतो म्हणालो."