नाव तेवढं बदल

धारूरच्या शिवारात शेतीची लाईट आली की माणसं म्हणतात, ‘आली भाडखाव.’ गेली की म्हणतात, ‘गेली भाडखाव.’ त्यात राग असतोच असं नाही. मी लहानपणापासून हेच ऐकत आले, त्यामुळे लाईट आल्या-गेल्याचं मोबाइलवर कळवणारं सॉफ्टवेअर लिहिलं तेव्हा त्याला दुसरं नाव सुचलंच नाही. मोटरीच्या स्टार्टरला एक डबी लावायची, तिच्यात सिमकार्ड. शेतात लाईट आली की घरी बसलेल्या माणसाच्या फोनवर मेसेज येतो: ‘भाडखाव आली.’ डबी मोटर रिवाइंडिंगवाल्या अशफाकभाईंची, आतलं डोकं माझं.

हे सगळं मी ओपन सोर्स करून इंटरनेटवर टाकलं. म्हणजे कुणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, बदलावं आणि पुढे वाटावं. पोलंडच्या एका माणसाने त्यातली एक चूक दुरुस्त करून पाठवली आणि नावाचा अर्थ विचारला. मी लिहिलं, वाईट कमाईवर जगणारा. त्याने विचारलं, म्हणजे सावकार का? मी म्हटलं, त्यांच्या भावकीतलाच.

पुण्याच्या एका गृहस्थाने मात्र लांबलचक हरकत घेतली. अशा शिवराळ नावांमुळे स्त्रिया या क्षेत्रात येत नाहीत, असं त्याचं म्हणणं. मी स्त्री आहे आणि आलेली आहे, असं मी कळवलं. त्यावर स्त्रियांना नेमकं काय वाटतं ते त्याने मला आणखी सविस्तर समजावून सांगितलं.

तरी नावाचा त्रास होत नव्हता असं म्हणणार नाही. अशफाकभाईंच्या घरात डबीवरच्या नावावर काळी टेप चिकटवलेली होती, कारण घरात वाचायला शिकलेली लेकरं होती. आणि माझी आई, केशरबाई. तिला शेजारच्या बाया विचारत, तुमची प्रियदर्शनी काय करती? ती म्हणायची, लाईटीचं करती. पुढचं कधी तिच्या तोंडून आलं नाही.

पोटापाण्यासाठी मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम धारूरला घरी बसून करत होते. मग कंपनीने फर्मान काढलं की सगळ्यांनी ऑफिसात हजर व्हावं. वडील गेल्यापासून मायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तिला पुण्याला चल म्हटलं की ती शेळीकडे बघायची. तिला सोडून जायचं माझ्या जिवावर आलं होतं, आणि नेमकं तेव्हाच विजयसिंहरावांचं बोलावणं आलं.

विजयसिंहराव म्हणजे तालुक्यातल्या एका शेतकरी सहकारी संघाचे चेअरमन. सगळे त्यांना दादा म्हणतात.

“लई भारी काम केलंस पोरी,” त्यांनी चहा मागवला. “आमच्या त्या भाडखाव इंजिनियरला कवाधरनं सांगतोय, त्याच्या बापाला जमलं न्हाई. आता समद्या सभासदांच्या मोटरीला डब्या लावायच्या. तू हितंच ऑफिसात बसायचं, कायम नोकरी. नाव तेवढं बदल.”

“नावाला काय झालं, दादा?”

“आगं, लोकार्पण करायचंय. मोठी माणसं येणार. पत्रिकेवर काय छापू मी? भाडखाव लोकार्पण सोहळा?”

खरं सांगायचं तर ती पत्रिका वाचायला मला फार आवडलं असतं. पण मी म्हटलं, “तुमीच म्हणला की आता, इंजिनियरला.”

“तोंडात असणं येगळं आन् पत्रिकेवर असणं येगळं,” दादा म्हणाले. चहा उशिरा आणल्याबद्दल त्यांनी शिपायालाही तोच शब्द वापरला. शिपाई हसला.

खरं तर लायसन्सप्रमाणे ते मला न विचारता नाव बदलू शकत होते. पण ते चालवायला त्यांच्याकडे कुणी नव्हतं. म्हणून मी हवी होते.

तिथून मी अशफाकभाईंच्या दुकानात गेले. ते तांब्याची तार गुंडाळत होते.

“ताई, तालुक्यात एक चीज दाखवा, जिच्यावर कुणाचा फोटो न्हाई,” ते म्हणाले. “बसस्टॉपवर हाय, ॲम्ब्युलन्सवर हाय, मुतारीवर बी हाय. आपल्या डबीवर कावून न्हाई? नाव घाण हाय म्हून. ते नाव हाय तवर डबी आपली आन् शेतकऱ्याची.”

“मंग बदलू नको म्हणता?”

त्यांनी तारेचं टोक कापलं. “तुमी पुण्याला गेल्या तर माय एकटी पडंल,” ते म्हणाले. “बदला.”

घरी माय ज्वारी पाखडत बसली होती. तिला सगळं सांगितलं. सुपातला कोंडा उडवून ती म्हणाली, “मला कुठं कुणी इचारलं?”

मला वाटलं, मी तिचं मत घेत नाही म्हणून बोलतेय. ती तिच्या स्वतःच्या नावाबद्दल बोलत होती. तिचं माहेरचं नाव कडूबाई, एवढं मला माहीत होतं. माहेरीही आता ते नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं.

“माझ्याआदी तीन लेकरं गेलती,” माय म्हणाली. “मंग माझं नाव कडू ठिवलं. कडू चीज कोण उचलतंय? सटवाईला बी नगं वाटावं म्हून. आन् जगले की मी. मंग लग्नात तुझ्या बापानं ताटातल्या तांदळात बोटानं नवं नाव लिवलं. मला वाचता येत न्हवतं. नणंदेनं वाचून दाखवलं, केशर. लई दिवस कुणी केशर म्हून हाक मारली की मी मागं बगायचे, कोण आलंय म्हून.”

“वाईट वाटलं का?”

“केशर चांगलंच नाव हाय. म्हाग असतंय.” तिने सूप खाली ठेवलं. “बदल तू बी. हितं ऱ्हाशील.”

मी बदललं. ‘जाग’ असं साधं नाव शोधलं. दादांना कळवलं, ते म्हणाले, झकास. आठवड्याने पत्रिका छापून आली, तिच्यावर होतं, ‘विजयदीप लोकार्पण सोहळा’. मी फोन केला तर म्हणाले, जाग फ्लेक्सवर लई बारीक दिसत होतं. आणि हो, सॉफ्टवेअर उघडलं की आधी माझा फोटो येऊ दे, हात जोडलेला. तो फोटो मीच बसवला, दुसरं कोण बसवणार? आपली लाईट आली की नाही हे कळायच्या आधी शेतकऱ्याला आता दादांचे हात बघावे लागणार होते. अशफाकभाईंना दाखवलं तर त्यांनी फोन मला परत दिला आणि तार गुंडाळायला लागले.

सोहळा मंगल कार्यालयात होता. सूत्रसंचालन धोंडीराम सरांचं. दादा माझ्या नेमणुकीची घोषणा माझ्या भाषणानंतर करणार होते, तसं ठरलं होतं. मी चांगलं भाषण पाठ केलं होतं. त्यात विजयदीप हा शब्द जागोजागी होता आणि प्रत्येक वेळी तो म्हणताना मला खोकला येत होता.

माझ्याआधी मायचा सत्कार होता. साडी आणि नारळ.

“सत्कारमूर्ती आहेत प्रियदर्शनीताईंच्या मातोश्री,” धोंडीराम सर म्हणाले, “श्रीमती केशरबाई राधाकिशन...”

माय स्टेजवर येऊन उभी राहिली होती. तिने पदर सारखा केला. “कडूबाई म्हणा,” ती म्हणाली.

“जी?”

“माझं नाव कडूबाई हाय. तेच म्हणा.”

माइक चालू होता, त्यामुळे हे सगळ्यांनी ऐकलं. धोंडीराम सरांनी पुढे काही विचारलं नाही. आपलं नाव धोंड्यावरून का पडलं हे त्यांनाही कुणीतरी सांगितलं असणारच. “श्रीमती कडूबाई,” ते स्वच्छ म्हणाले. टाळ्या वाजल्या. माय साडी-नारळ घेऊन खाली जाऊन बसली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

मग मला बोलावलं. माइकसमोर उभी राहिले आणि पाठ केलेलं एक अक्षर तोंडात येईना. नोकरी पाहिजे होती, घर पाहिजे होतं, समोर माय बसली होती.

“मी प्रियदर्शनी,” मी म्हटलं. “कडूबाईची मुलगी. आणि ह्या सॉफ्टवेअरचं नाव भाडखाव आहे.”

पुढच्या रांगेतली मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. बायांनी पदर तोंडाला लावले. मागे शेतकरी होते. वर्षभर तोच मेसेज वाचणारी ती माणसं, त्यांनी आपली टाळी वाजवली. दादांनी माइक हाताने झाकला आणि मला उद्देशून तोच शब्द उच्चारला. त्यांचा मात्र कुणाला ऐकू गेला नाही.

नेमणुकीची घोषणा झाली नाही. थेट आभारप्रदर्शन झालं. जेवण मात्र आम्हालाही वाढलं, हे सांगितलं पाहिजे. संघाने विजयदीप दुसऱ्या कुणाकडून चालवून घेतलं. लायसन्सप्रमाणे त्यांना तो हक्क आहे आणि माझी तक्रार नाही. त्यात फोटो वेळेवर येतो, लाईटचं सांगता येत नाही. आमची भाडखाव जिथे होती तिथे चालू आहे, आणि डब्यांकडे अशफाकभाई बघतात.

मी मात्र पुण्याला निघाले. माय स्टँडपर्यंत आली. गाडीला वेळ होता आणि मला राग आवरत नव्हता.

“तूच म्हणलीस ना बदल म्हून?” मी म्हटलं. “मंग कडूबाई कावून मधीच काढलं? तू गप बसली असतीस तर मी बी विजयदीप म्हणून खाली उतरले असते. आज तुझ्यापशी असते.”

“म्हाईत हाय मला.”

“काय म्हाईत हाय?”

“घरात भाषण पाठ करताना त्या नावापशी आली की तू मागं बगत होतीस,” माय म्हणाली. “मी दारातनं बगत होते.”

मी म्हटलं, तुला करमंल का?

“न्हाई करमणार,” ती म्हणाली. “पर तुला ठिवून घ्यायचं असतं तर त्या दिवशी केशरबाई म्हणू दिलं असतं.”

तेवढ्यात गाडी लागली. तिने माझी बॅग उचलून आधी आत टाकली आणि माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरली.