डॉक्टर टेबलाखाली

दुसरीच्या वर्गात पुठ्ठ्याचा दवाखाना उभा राहिला होता. बुटाच्या लेसला बाटलीचं झाकण चिकटवून स्टेथोस्कोप, आइस्क्रीमच्या काडीचा थर्मामीटर आणि फ्रिजच्या खोक्याला भोक पाडून नंबर लावायची खिडकी. नव्या बाईंची दहाही बोटं डिंकाने माखली होती, तरी त्या खूश होत्या. पोरं खेळता खेळता इंग्रजी बोलतील, यावर त्यांनी सगळा डाव लावला होता.

मोठ्या बाईंनी बजावलंच होतं, "आज मी येऊन बघते. इंग्रजी बोलली तर ठीक. नाहीतर सोमवारपासून कात्री-डिंक बंद. शब्दार्थ पाठ, दहा-दहा वेळा लिहून."

सगळी भिस्त बडबड्यावर होती. तो डॉक्टर. 'व्हॉट इज युअर प्रॉब्लेम?' त्याला झोपेतही येत होतं. खिडकीत बसवलं होतं मुंगीला, कारण तिथे फारसं बोलायचं नव्हतं. वर्षभर ती मूग गिळूनच बसलेली.

मोठ्या बाई दारात आल्या आणि डॉक्टर टेबलाखाली गेला.

मोठ्या बाई खिडकीशी वाकल्या. "व्हेअर इज डॉक्टर?"

मग खोक्यातून आवाज आला, "अंडर टेबल."

"व्हाय?"

"डॉक्टर अफ्रेड."

"ऑफ व्हॉट?"

"यू."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मोठ्या बाई जायला वळल्या.

"नो गो!" मुंगी म्हणाली. "यू पेशंट. सिट."

खुर्ची दुसरीच्या मापाची होती. मोठ्या बाई बसल्या आणि गुडघे हनुवटीला आले. मुंगीने भोकातून मान बाहेर काढून त्यांना नीट न्याहाळलं, कपाळाला काडी लावली.

"यू अँग्री. टू मच अँग्री." तिने कागदाच्या पुडीत दोन बटणं बांधली. "वन मॉर्निंग, वन नाइट. नो शाउटिंग."

"पाण्याबरोबर, सांग ना," टेबलाखालून डॉक्टर कुजबुजला.

"विथ वॉटर."

मोठ्या बाईंनी पुडी पर्समध्ये टाकली. उठायला त्यांनी नव्या बाईंचा हात धरला, आणि मग दोघींना सुटं व्हायला जरा वेळ लागला.

"गुण आला का, ते दाखवायला परत यावं लागेल," हात पुसत मोठ्या बाई खिडकीपाशी म्हणाल्या. "मंडे?"

मुंगीने खोक्यात काहीतरी चाळल्यासारखं केलं. "मंडे फुल."

नव्या बाईंनी डोळे मिटले.

"मग ट्यूज्डे," मोठ्या बाई म्हणाल्या. "तोवर दवाखाना मोडू नका. आणि डॉक्टर खुर्चीत हवा."