आधी देवाचा नाव

"आधी देवाचा नाव लिव गो बाय, मगे काय ता लिव. देवळात गाऱ्हाणा घालताना पण आधी देवाक हाक मारतत, मगे दुखणा सांगतत. कागदाचा तसाच."

अक्का, म्हणजे भार्गवीच्या सासूबाई, जाऊन बरीच वर्षं झाली. पण त्यांचं हे सांगणं भार्गवीच्या बोटांत असं मुरलं होतं, की वाणसामानाची यादी असो नाहीतर बँकेचा अर्ज, वर देवाचं नाव आल्याशिवाय तिचा हात पुढे सरकत नसे. रोज तिन्हीसांजेला घराजवळच्या घुमटीत, म्हणजे भराडी देवीच्या छोट्याशा देवळात, दिवा लावायचा, हा वसाही अक्कांचाच. त्या गेल्यापासून तो भार्गवीनं एकदाही चुकवला नव्हता.

मालवणात मिहीरच्या दुकानात ती ग्राहकांच्या तक्रारी बघायची. दुकान सोलर आणि इन्व्हर्टरचं. पूर्वी तक्रारी फोनवर यायच्या, चिठ्ठीवर उतरायच्या आणि चिठ्ठी हरवायची. पुण्याला शिकून आलेल्या मिहीरनं ते सगळं बंद केलं. व्हॉट्सॲप आणि तक्रारींचं सॉफ्टवेअर त्यानं एकमेकांना जोडून टाकलं. दुकानाच्या नंबरवर कुणी काही लिहिलं, की आपोआप एक तिकीट तयार व्हायचं, त्याला नंबर मिळायचा आणि ते भार्गवीच्या पडद्यावर येऊन बसायचं. बॅटरी बसवणारा सुशांत म्हणायचा, "एसटीचा तिकीट काढून पण माणूस खंयतरी पोचता. ह्या तिकिटाचा काय ता बघूया."

श्रावण लागला आणि पंचाईत झाली. उजाडलं न उजाडलं की लोकांचे नमस्कार सुरू व्हायचे. पिंडीचे फोटो, फुलांत बसवलेली देवी, शुभ सोमवार, शुभ शुक्रवार. सॉफ्टवेअर बिचारं प्रत्येकाचं तिकीट करायचं. मिहीर कपाळाला हात लावून म्हणाला, "काकी, आपल्याकडे आता देवांच्याच तक्रारी यायला लागल्यात. यांना गाळायचा नियम टाका."

नियम सोपा होता. पहिल्या ओळीत ठरावीक शब्द दिसले, की तिकीट आपोआप बंद. ते शब्द कोणते, हे भार्गवीइतकं कोण जाणणार? 'सुप्रभात' टाकलं, 'प्रसन्न' टाकलं. मग आसपासच्या गावदेवांची नावं, भराडी, रामेश्वर, सातेरी, रवळनाथ, वेतोबा. एकेक नाव टाकताना तिनं मनोमन हातही जोडला होता. दुसऱ्या दिवसापासून पडदा कसा स्वच्छ. महिनाअखेरीला तक्रारी निम्म्यानं घटलेल्या दिसल्या, तेव्हा मिहीरनं सगळ्यांना पेढे दिले. यंदाच्या बॅटऱ्या चांगल्या निघाल्या, असं सुशांतही म्हणाला.

चतुर्थी जवळ आली होती. दुकानात गर्दी होती. दुपारी मिहीरनं सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी बदललं आणि भार्गवीला म्हणाला, की तुमच्या फोनवरून एक खोटी तक्रार पाठवून बघा, तिकीट होतं का. तिनं फोन घेतला. बोटांनी त्यांच्या सवयीनं आधी 'श्री रामेश्वर प्रसन्न' लिहिलं, खाली लिहिलं, 'इन्व्हर्टर चालत नाही.' पाठवलं आणि पडद्याकडे बघत बसली.

पडद्यावर काही आलं नाही. हातातला फोन मात्र लगेच वाजला.

'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. धन्यवाद.'

भार्गवीनं ते वाचलं, पुन्हा वाचलं. पायाखालची वाळू लाटेनं ओढून न्यावी तसं तिला झालं. नमस्कार तेवढे गाळायचे होते. पण आपल्याकडची जुनी माणसं तक्रार तरी देवाचं नाव घातल्याशिवाय कुठे लिहितात? आणि लिहिली, की त्यांना हे उत्तर जात होतं.

बंद झालेल्या तिकिटांचा ढीग तिनं आजवर कधी उघडला नव्हता. उघडला. फुलं, पिंड्या, समया यांच्या मधून मधून माणसं निघायला लागली. सातेरी प्रसन्न, पंखा फिरत नाही. रवळनाथ प्रसन्न, पॅनेलवर माड पडला. प्रत्येकाच्या खाली तेच उत्तर. मग मसुऱ्याचं, भराडी देवीच्याच गावचं, एक नाव दिसलं आणि ती तिथंच थांबली.

'श्री देवी भराडी प्रसन्न. भार्गवीबाय, बॅटरीचा पोट फुगला आसा. वास येता. बंद करून ठेवलंय. काय करू?'

खाली उत्तर, निकाली.

'श्री देवी भराडी प्रसन्न. तुमचा उत्तर गावला. काम झाला म्हणान परत चालू केलंय. पण गरम लागता.'

निकाली.

'श्री देवी भराडी प्रसन्न. बाय, तू वाचतंस मां?'

निकाली. त्यानंतर काही नव्हतं.

ही रुक्मिणीकाकी. तिचे यजमान लवूकाका अर्धांगवायूनं खाटेला खिळलेले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली हवेची गादी, आणि वीज गेली की त्या गादीचा पंप चालावा म्हणून हा इन्व्हर्टर. गेल्या उन्हाळ्यात काकी दुकानात आली होती. नवा फोन, बोटं थरथरत होती. चुकीचं काही लिहिलं जाईल म्हणून घाबरलेली. भार्गवीनं तिला शेजारी बसवून शिकवलं होतं. जाताना काकीनं विचारलं होतं, लिवलेला वाचतलंस मां? भार्गवीनं तिच्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं, वाचतलंय.

तिनं काकीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. कुणी उचलेना. मिहीर काय झालं म्हणून विचारत होता. तिनं नुसता पडद्याकडे हात केला. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "फुगलेली बॅटरी? फुटेल ती." शेवटी फोन उचलला गेला.

"काकी, मी मालवणसून भार्गवी. बॅटरी चालू आसा?"

"आसा गो. काल माड तारेवर पडलो, तेवापासून लाईट नाय. तिच्यावरच चल्ला सगळा."

"आधी बंद करा. आता. फोन ठेवू नकात."

काकी गेली. पावलं ऐकू आली, मग खटका पडल्याचा आवाज. बॅटरी कुठे आहे, असं भार्गवीनं विचारलं, तेव्हा कळलं, की सुशांतनं दाराजवळ बसवलेली बॅटरी पागोळीचं पाणी यायला लागल्यावर काकीनं शेजाऱ्यांकडून आत सरकवून घेतली होती. लवूकाकांच्या खाटेखाली. घरात कोरडी जागा तेवढीच.

सुशांत मागे उभा राहून ऐकत होता.

भार्गवीनं काकीला शेजाऱ्यांना हाक मारायला सांगितलं. खाट उचलून ओटीवर नेल्याचा, लवूकाका कण्हल्याचा आवाज येईपर्यंत तिनं फोन कानावरून काढला नाही. मग काकी परत बोलली. आवाजात राग नव्हता, तेच भार्गवीला सोसेना.

"ह्यांची गादी खाली बसता गो आता. रातभर कठीण. मगे परत लिवू काय? की माझा लिवण्यात चुकता? आधी देवाचा नाव घातलंय मी. तू शिकवलंस तसाच."

खरंच, भार्गवीनंच शिकवलं होतं. काकीची बोटं थरथरत होती, तेव्हा अक्कांचंच वाक्य तिनं पुढे दिलं होतं. आधी देवाचा नाव लिवा, मगे हात थरथरूचो नाय.

"तुमचा काय चुकूक नाय काकी," ती म्हणाली. "चूक माझी. आता लिवू नकात. मी येतंय."

मिहीर म्हणत होता, की सकाळी माणूस पाठवू, आता पाऊस आहे, परतेपर्यंत काळोख होईल. भार्गवीनं मान वर न करता नियम उघडला. भराडी काढलं, रामेश्वर काढलं, सातेरी, रवळनाथ, वेतोबा काढलं. शेवटी 'प्रसन्न' पुसलं. मग बंद तिकिटांचा ढीग मिहीरपुढे सरकवला आणि सांगितलं, "यातली माणसं वेगळी काढ आणि एकेकाला फोन कर बाबा. लिहू नकोस. बोल." तो खुर्ची ओढून बसला.

सुशांतनं काही न विचारता नवी बॅटरी टेम्पोत चढवली होती.

भार्गवीनं घरी फोन केला. लेकीला, श्रियाला, म्हणाली, की आज घुमटीतला दिवा तू लाव. श्रिया म्हणाली, "आई, तुझो वसो मोडतलो."

"देवीक सांग, मी तिच्याच गावाक गेलंय," भार्गवी म्हणाली.

तिनं छत्री घेतली, डोक्यावरून पदर घेतला आणि पावसात उतरून सुशांतच्या शेजारी जाऊन बसली.