वांग्यांच्या वाफ्यातलं पार्किंग

भानुदासांनी आखातातल्या धैदजवळची ती शेती अरबाबाकडून, म्हणजे तिथल्या अरब मालकाकडून, भाडेपट्ट्याने घेतली, तेव्हा तिथे वांगी, भेंडी आणि वारा एवढंच होतं. आता स्ट्रॉबेरी, झोपाळे आणि फोटोसाठी आंघोळ घातलेल्या शेळ्या होत्या. भाजी पिकवण्यापेक्षा दाखवण्यात जास्त पैसे आहेत, हा शोध त्यांची मुलगी रुचा हिने जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात बसून लावला होता. शोध खरा निघाल्यामुळे तक्रारीला जागा उरली नव्हती.

उरला होता फक्त वांग्यांचा शेवटचा वाफा. तिथे रुचाला पार्किंग हवं होतं. बापलेकीची बराच वेळ जुंपली. शेवटी "खलास, डॅड" म्हणत तिने एक सवलत दिली: शनिवारी एक जरी पाहुणा आपणहून वाफ्यात उतरला, तर वाफा राहील. नाहीतर रविवारी खडी पडेल.

शनिवारी भानुदास इस्त्रीचा शर्ट घालून वाफ्यापाशी उभे राहिले. शेजारी पाटी: 'काटेरी वांगी. भरल्यासाठी उत्तम.' पाहुणे शेळ्यांना भेटून, झोपाळ्यांवर झुलून, वाफ्याला वळसा घालून जात होते. एका मुलाने थांबून विचारलं, "अंकल, इज धिस द क्यू फॉर द टॉयलेट?" भानुदासांनी दिशा दाखवली.

दुपारी एका बँकवाल्याची आई वाफ्यापाशी थबकली. प्रमोदिनीबाई अमरावतीहून व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि सरळ आत उतरल्या. भानुदासांनी रुचाकडे विजयी नजर टाकली.

"कोणती तोडून देऊ, मावशी?"

"वांगी राहू द्या भाऊ," बाई खाली वाकल्या. "ही चिवळीची भाजी कोणी लावली? आमच्याकडेही एवढी कोवळी मिळत नाही आता."

चिवळ कोणीच लावली नव्हती. आल्या दिवसापासून भानुदास ती तण समजून उपटून फेकत होते.

बाईंनी पदर भरून चिवळ खुडली आणि आणखी चौघींना हाक मारली. मुगाची डाळ घालायची की बेसन पेरायचं, यावर वाफ्यातच वाद झाला. तो व्हॉट्सअ‍ॅपवर गेला. पुढच्या शनिवारी इंटरनॅशनल सिटीतून खच्चून भरलेल्या गाड्या आल्या आणि पार्किंग खरोखरच कमी पडलं. रुचाने शेळ्या हलवल्या.

वाफा राहिला. रोज सकाळी भानुदास खुरपं घेऊन चिवळीत उगवलेली वांगी उपटतात. कोपऱ्यात एक झाड मात्र चांगलं कमरेएवढं झालंय. रुचाने विचारलं की म्हणतात, तण आहे, नजरेतून सुटलं असेल.