मीनाक्षी आग्रह करत नाही

वर्षाराणीचं पीएचडीचं रजिस्ट्रेशन शुक्रवारी एकतर वाचणार होतं नाहीतर जाणार होतं, आणि ते सातपाटीच्या नर्मदाबायच्या चार वाक्यांवर अवलंबून होतं. नर्मदाबाय एरवी गिऱ्हाइकाने पापलेटाचा कल्ला उघडून बघेपर्यंत चाळीस वाक्यं बोलून मोकळी होई. पण मीनाक्षी समोर आली की तिचं तोंड उघडत नसे.

मीनाक्षी म्हणजे वर्षाराणीच्या प्रबंधासाठी बनवलेली, मोबाइलमधली मराठी बोलणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. वारा कसा, समुद्र कसा, बाजारात मासळीला काय भाव, असं काहीही विचारलं की ती सांगे. तिचं नाव ठरवायला कॉलेजच्या संशोधन समितीच्या दोन बैठका आणि बिस्किटांचे बरेच पुडे लागले होते. प्रबंधाचा विषय होता 'मानव व कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्यातील नैतिक संवाद'. हा विषय घेतल्यापासून वर्षाराणीचा मानवांशी संवाद बंद पडला, अशी तिच्या नवऱ्याची, मनीषची, तक्रार होती. मनीष तारापूरला केमिकलच्या कारखान्यात होता आणि यंत्रांशी त्याचा संवाद पान्याने चाले.

वर्षाराणीचे गाइड कमलाकांत सर नीतीच्या बाबतीत कडक होते. "आग्रह म्हणजे दबाव. आणि दबाव म्हणजे अनैतिक," असं ते म्हणत. त्यामुळे मीनाक्षी दरवेळी सुरुवातीलाच सांगे, "नमस्कार. मी यंत्र आहे, माणूस नाही. आपलं बोलणं अभ्यासासाठी ध्वनिमुद्रित होईल. आपली परवानगी आहे का?"

यावर नर्मदाबाय पदर सावरून म्हणे, "नको बाय, ऱ्हाऊ दे."

"आपल्या निर्णयाचा मी आदर करते. नमस्कार," एवढं बोलून मीनाक्षी गप्प होई.

अभ्यासासाठी निवडलेल्या बाकीच्या मासेविक्रेत्या बायांचंही हेच. महिना उलटला तरी नकारांपलीकडे काही जमा होईना.

"म्हणजे तंत्रज्ञानाला समाजाचा विरोध आहे, असा निष्कर्ष निघतो," कमलाकांत सर फोनवर म्हणाले.

"सर, विरोध कसला? त्या दिवसभर मोबाइलवर मालिका बघतात."

"मग शुक्रवारी समितीला एकतरी संवाद ऐकवा. नाहीतर मुदतवाढ मागायला मला तोंड राहणार नाही."

बुधवारी वर्षाराणी बोईसरहून पालघरला आली आणि रिक्षाने सातपाटीला पोचली. बांबूंवर बोंबील वाळत टाकलेले होते. त्यांच्या आडोशाला नर्मदाबाय आणि तिची जाऊ नवसी वाळलेला माल निवडत बसल्या होत्या.

"बसा मॅडम. चा घेनार?"

"नको नको, आत्ताच घेऊन आले," वर्षाराणी म्हणाली. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा घोटही नव्हता.

"नवसी, चा आन."

"अहो, खरंच नको."

"आन गं तू."

चहा आला. वर्षाराणीने दोन कप घेतले. मग तिने सरळच विचारलं, "बाय, तुम्ही मीनाक्षीशी बोलत का नाही? भीती वाटते का?"

"भीती? आमाला?" नर्मदाबायने नवसीकडे बघितलं. "तुमची ती मीना लय शिष्ट हाय मॅडम. आमी नको म्हटलं की चालली! एकदा तरी म्हनावं, असं काय करता बाय, बोला की. गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चार पावलांवर मागं वळून बघतं. ही वळतच नाय."

"मी तर त्या दिवशी नवी साडी नेसलेली तिच्यासाठी," नवसी म्हणाली.

"अगं, तिला दिसतं थोडंच!" नर्मदाबाय म्हणाली.

"तिला नाय दिसत. मला दिसते ना."

वर्षाराणीने रिकामा कप खाली ठेवला. "म्हणजे तुम्हाला बोलायचं होतं?"

"मग! पयल्या फटक्यात हो म्हनायला आमी काय हावरट हाय?"

वर्षाराणीने लॅपटॉप उघडला. एक ओळ टाकायचा अवकाश होता. 'असं काय करता, बोला की' एवढं मीनाक्षीला शिकवलं की शुक्रवारपर्यंत हवा तेवढा संवाद मिळाला असता. तिने ओळ टाइपही केली. मग 'आग्रह म्हणजे दबाव' हे खुद्द कमलाकांत सरांच्या आवाजात तिच्या कानात वाजलं, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे, सरांचं म्हणणं तिला पटलं. ज्या बाईला खरोखरच नको असेल, तिच्याही मागे ही मीनाक्षी लागणार होती. तिने ओळ पुसली.

"तिला तसं शिकवलंय बाय," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात की ते खरं मानायचं."

"पयल्यांदाच?"

"पहिल्यांदाच."

नर्मदाबायच्या हातातला बोंबील हातातच राहिला. "माजं नको कोनी खरं मानलं नाय गं आजपर्यंत. सासू होती, नको नको म्हनता भाताचा डोंगर वाढायची. आनि नवरा, त्याला तर नको हा शब्द ऐकूच येत नाय. दे तो फोन."

"...आपली परवानगी आहे का?"

"नाय!" नर्मदाबाय गरजली.

"आपल्या निर्णयाचा मी आदर करते. नमस्कार."

"बघ कशी ऐकते! परत लाव."

मग नवसीने 'नाय' म्हणून घेतलं. शेजारच्या बाया आल्या, त्यांनीही म्हणून घेतलं. एक म्हातारी तर दोनदा रांगेत उभी राहिली. जत्रेतल्या पाळण्यासारखा मीनाक्षीचा धंदा चालला होता, आणि वर्षाराणीला नकारांची आणखी एक टोपली भरून मिळत होती.

शेवटी तिच्याने राहवेना. "बाय, आता एकदा हो म्हणा ना. माझ्यासाठी."

"मॅडम," नवसी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "हा आग्रह झाला."

वर्षाराणीने जीभ चावली आणि ती मुकाट्याने बोंबील निवडू लागली. ते तिला जमत नव्हतं. नर्मदाबायने तिने निवडलेले सगळे परत ढिगात टाकले आणि फोन ओढून घेतला.

"...आपली परवानगी आहे का?"

"हाय. पन माज्या मनानं हाय, या मॅडमच्या नाय, असं लिहून घे. आता सांग, उद्या वारा कसा?"

मीनाक्षीने वारा सांगितला.

"तुला काय ठाव? तू कवा गेलीस दर्यावर?"

"मी कधीच गेले नाही. माझी माहिती चुकीची असू शकते."

"ऐकलंस नवसी? तोंडावर कबूल करते! मीने, माज्या दिराला शिकवनी लाव गं."

"माज्या नवऱ्याला कशाला मधे आनता!" नवसी ओरडली, आणि मग आपलीही परवानगी नोंदवून तिने स्वतःच त्याची सगळी कहाणी मीनाक्षीला सांगितली. फोनची बॅटरी संपेपर्यंत.

शुक्रवारी पालघरच्या कॉलेजात समितीने हे ध्वनिमुद्रण ऐकलं. नवसीच्या नवऱ्याच्या भागाला अध्यक्षांनी हसू खोकल्यात लपवलं. कमलाकांत सर मात्र 'माज्या मनानं' या शब्दांपाशी थांबले आणि त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं.

तेवढ्यात चहा आला.

"घ्या, वर्षाराणी."

"नको सर, आत्ताच घेतला."

"ठीक आहे, निर्णयाचा आदर आहे," सर मनापासून म्हणाले, आणि ट्रे तिच्या नाकासमोरून पुढे गेला. वेलदोड्याचा चहा होता.

"काम आत्ता कुठे सुरू झालंय," अध्यक्ष म्हणाले. "मुदतवाढ देऊ या. सहा महिने पुरतील, की वर्ष हवं?"

'पुरतील की सर, उगाच तुम्हाला कशाला त्रास' हे वाक्य जिभेच्या टोकावर येऊन उभं होतं. वर्षाराणीने दाराबाहेर जाणाऱ्या ट्रेकडे बघितलं.

"वर्ष हवंय," ती म्हणाली.

अध्यक्षांच्या भुवया जरा वर गेल्या. पण त्यांनी 'वर्ष' असंच लिहिलं. तिने बाहेर येऊन मनीषला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "एकदाच मागितलंस? आणि दिलं?"

स्टेशनबाहेरच्या टपरीवर तिने चहा घेतला. कप रिकामा झाला तेव्हा टपरीवाल्याने विचारलं, "ताई, अजून अर्धा?"

"नको," वर्षाराणी म्हणाली.

त्याने ओतला.