बायको विकायला लावतेय

आमच्या घरातल्या बोळातून आम्ही दोघं आडवे होऊन चालत असू. डाव्या भिंतीला गिटारी, उजव्या भिंतीला त्यांच्या पेट्या. मधली वाट एका खांद्यापुरती. माझ्या नवऱ्याचं, क्लाइव्हचं, पोट वाढत गेलं, बोळ अरुंद होत गेला, आणि पोट नि पेट्यांच्या मधून मी चहाचे कप नेत राहिले.

क्लाइव्ह सिडनीच्या दक्षिणेला पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात होता, तेव्हापासूनचा हा गिटारी घेण्या-विकण्याचा जोडधंदा. शनिवारी सकाळी लोक गॅरेजात अडगळ विकायला मांडत, तिथे हा सगळ्यांच्या आधी हजर. गिटार उचलायची, उलटी करायची, पहिल्यांदा स्क्रू बघायचे. खाचा झिजलेल्या दिसल्या की समजायचं, कुणीतरी आत हात घातलाय. मग तोंड पाडून म्हणायचं, "थकलीय बिचारी. बघतो, सुट्ट्या भागांना होईल." घरी आणून पुसायची, नव्या तारा चढवायच्या, काही महिने मांडीवर खेळवायची आणि जाहिरात द्यायची. जाहिरातीची शेवटची ओळ ठरलेली: मन होत नाही, पण बायको विकायला लावतेय.

ती बायको म्हणजे मी, ग्लेनिस. मी तोवर एकही विकायला लावली नव्हती. पण गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघे, जणू मी नवऱ्याच्या तोंडचा घास काढून त्याला वाढतेय. क्लाइव्ह त्याच्या पाठीमागून खूण करी, जरा कडक दिस म्हणून. दिवसभर शाळेच्या स्वयंपाकघरात उभी राहून आलेल्या बाईला त्यासाठी वेगळे कष्ट पडत नसत.

एक आली, एक गेली, गेलीच्या जागी दोन आल्या. आलेली लेकीसारखी न्हाऊ घातली, गेलेलीचं नाव पुन्हा निघालं नाही.

एक मात्र जायची नव्हती. विजेवर वाजणारी, फिकट निळी, सकाळच्या समुद्रासारखी. तरुणपणी क्लाइव्ह तीच घेऊन कामगारांच्या क्लबात वाजवायचा. लग्नाआधी मी तिला फुलाफुलांचा लाल रेक्झिनचा पट्टा आणला होता. पुढे तसल्या गिटारींचे भाव चढले आणि हिचं वाजणं थांबलं. झिजेल म्हणून पेटीत गेली, पेटी पलंगाखाली गेली. "हिचं काही म्हणजे काही हिच्यापासून वेगळं करायचं नाही, ग्लेन," तो सांगे. "मूळची पेटी, मूळचे स्क्रू, मूळचा पट्टा. सगळं एका जागी असलं तरच भाव." धंद्यातला पहिला नियम तो. पट्टासुद्धा तिच्या अंगावरच राहिला.

यंदा माझी बहीण कोरल म्हणाली, यांबा गावात तिच्या शेजारचं घर रिकामं होतंय. दोन खोल्या, पुढे नदी. माझे गुडघे आता आडवे चालायला तयार नव्हते.

"मी जाणार," क्लाइव्हला सांगितलं. "तू येतोस का ते गिटारींना विचार."

तो हसला नाही. एकेक करून त्याने बोळ रिकामा केला. निळी तेवढी उरली. दोन खोल्यांत एक पेटी मावली असती, नाही असं नाही. पण एक राहिली की तिच्या सोबतीला दुसरी येते, हे मी आयुष्यभर पाहिलं होतं. त्यालाही ते ठाऊक होतं. निळी गेली तरच धंदा संपला, हा शब्द त्यानेच दिला होता.

घ्यायला सिडनीहून स्टेलिओस आला. चाळिशीचा, शुक्रवारी कुठल्याशा हॉटेलात वाजवणारा.

"विकतोयस कशाला?" त्याने विचारलं.

"बायको विकायला लावतेय."

"सगळ्यांच्याच लावतात, गड्या. माझीसुद्धा लावते. माझं लग्न व्हायचंय अजून."

"अरे, या वेळी खरंच."

"हेही सगळेच म्हणतात."

मी केकची बशी टेबलावर ठेवली. "मी खरी आहे रे बाबा. स्क्रू तपासून बघ. सुट्ट्या भागांना तरी होईन."

स्टेलिओस हसत पेटीवर वाकला. झाकण उघडलं आणि पुढच्या खोलीत निळं काहीतरी उजळलं. मग त्याने ती उचलून उलटी केली.

पट्टा पाठीला चिकटला होता. त्याने टोक धरून हलकेच ओढलं, तशी जुनी मलमपट्टी निघावी तसा आवाज झाला. खालचा रंग सुरकुतला होता, मऊ पडून पुन्हा वाळला होता, आणि त्या पट्टीत माझ्या लाल पट्ट्याची फुलं उमटली होती.

"रेक्झिन," स्टेलिओस हळू म्हणाला. "बंद पेटीत घाम सोडतं ते. जुना रंग खातं."

"मी तर काहीच वेगळं केलं नाही," क्लाइव्ह म्हणाला.

"तेच ना. एवढं एक वेगळं करायचं होतंस."

क्लाइव्ह खुर्चीत बसला. मला वाटलं, रडेल. पण त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू सुटल्यासारखं काही आलं. "मग राहू दे," तो घाईने म्हणाला. "जपून ठेवायला विकत घेणारे हिला हात लावणार नाहीत आता. असली विकण्यात काय अर्थ? राहू दे आमच्याकडेच."

यांब्याचं घर मी अजून पाहिलं नव्हतं, तरी त्याचा बोळ अरुंद होताना मला दिसला.

"मला वाजवायलाच हवीय," स्टेलिओस म्हणाला. "डाग पाठीला आहे. माझ्या पोटाला कुठे डोळे आहेत?" आणि त्याने ठरल्याच्या निम्मा आकडा सांगितला.

"बायकोला विचारतो," क्लाइव्ह म्हणाला.

ही त्याची जुनी युक्ती. आत यायचं, किटली उकळेपर्यंत थांबायचं आणि बाहेर जाऊन सांगायचं, एवढ्याला नाही म्हणते. मला आजवर त्याने काही विचारलं नव्हतं. आज तो उठला नाही. तिथेच माझ्याकडे वळला.

"ग्लेन, काय करू?"

मी फार दमले होते. देऊन टाक म्हणायचं ओठावर होतं.

"आधी वाजव," म्हटलं.

त्याने सैल तारा ओढून सुरात आणल्या. कारखान्याने जाड केलेली बोटं, सांधे सुजलेले. क्लबातलं जुनंच काही त्याने धरलं. विजेशिवाय तिचा आवाज तो केवढा, काचेवर माशी फिरावी तेवढा. पण मी जवळ होते. अर्ध्यात बोटं अडली. पुन्हा धरलं, पुन्हा तिथेच अडली.

त्याने तळहाताने तारा थांबवल्या.

"ने," तो स्टेलिओसला म्हणाला.

"आणि पट्टा?"

"तो ग्लेनचा. तो वेगळा ठेव."

गाडी वळणाआड गेली. मी बशा उचलून आत निघाले, तो केक घेऊन मागे. बोळ रिकामा होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मधे आल्यावर लक्षात आलं, आम्ही दोघंही पोट आत ओढून आडवेच चाललो होतो.

"सरळ चाल की," मी म्हटलं.

"तू आधी," तो म्हणाला.