तपकिरी कोटाचं कोपर

“पुन्हा लोकर! गावभरच्या कसरीने आपलाच पत्ता पाठ केलाय की काय?” ताई माझ्या कानाशी पुटपुटली.

काउंटरपलीकडे एक बस-ड्रायव्हर जाडजूड कोट घेऊन उभा होता. “जाहिरात बघून आलो,” म्हणाला. महिन्याभरातला हा अकरावा.

आम्ही दोघी बहिणी रफूवाल्या. फाटक्या कापडाच्याच आतल्या शिवणीतून धागा काढायचा, उभा-आडवा विणायचा, आणि भोक होतं हे मालकालाही विसरायला लावायचं, हा आमचा धंदा. ताईचं रेशमावरचं काम असं, की नंतर ते शोधत बसणाऱ्याची मान दुखावी. आमची वेबसाइटही आहे. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, पाण्याचे मीटर वाचण्याच्या नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी शिकून बनवली. तीन वर्षांत तिथे आलेले पाहुणे म्हणजे आम्हीच तिघं.

आणि आता अचानक जाहिराती! गाणं लावावं तर आधी आमची वेबसाइट, हवामान बघावं तर खाली आमची वेबसाइट. शेजारचा चष्मेवाला तर रुसलाच. “माझ्या फोनवर माझी जाहिरात दिसत नाही, तुमची दिसते.” आम्ही शपथेवर सांगितलं, आम्ही दिलेली नाही. त्याला पटलं नाही. ताईने त्याच्याशी फार हुज्जत घातली नाही. तशीही हल्ली ती त्याच्या दारावरून जात नाही, पलीकडच्या फूटपाथवरून वळसा घालते.

ड्रायव्हरने फोन पुढे केला. ताईने तो लांब धरला, जवळ धरला, आणि “फोटो बरा आहे,” म्हणून माझ्या हातात दिला. मी वाचलं. ‘जाड लोकरी कपड्यांचं रफू. कोट, शाली, ब्लँकेट. नाजूक काम सध्या घेत नाही.’

हे शेवटचं वाक्य मी ताईला वाचून दाखवलं नाही. फोटोत तपकिरी कोटाचं कोपर होतं. ते कोपर मी ओळखलं.

दुपारी दोऱ्याची रिळं आणते म्हणून निघाले ती थेट ताईच्या घरी. भाऊजींचा तो तपकिरी कोट दाराजवळच्या खुंटीवर होता. मी बाही हातात घेतली.

“सापडला चोर?” भाऊजी कांदा चिरता चिरता म्हणाले.

“नाजूक काम घेत नाही, हे कुणाला विचारून लिहिलंत?”

त्यांनी सुरी खाली ठेवली. “मागच्या महिन्यात आंघोळ करून बाहेर येत होतो, तर ही त्या कोटाला म्हणत होती, ‘उभे काय, बसा की.’ मी तसाच परत आत गेलो. नळ सोडून उभा राहिलो.”

मी हातातली बाही सोडली.

“डॉक्टरांचं नाव काढलं की तिला दुकानात काम निघतं,” ते म्हणाले. “लोकरीचा जाड धागा निदान बोटांना तरी लागतो. म्हटलं, तेवढं तिचं तिला करता येईल. दुकान सुटलं तर ती करणार काय?”

“मग बोला ना तिच्याशी.”

“तू बोल. बहीण आहेस.”

मी कुठल्या तोंडाने बोलणार? रोज सकाळी ताई यायच्या आधी वीस सुयांत दोरे ओवून मी तिच्या सुयांच्या उशीला टोचून ठेवत होते. संध्याकाळी ताई गेली की तिचं रेशमाचं काम उसवून पुन्हा करत होते. घरात एक चोर होता, दुकानात दुसरी.

दुसऱ्या दिवशी एक बाई रेशमी स्कार्फ घेऊन आल्या. “आईचा आहे. आई म्हणायची, रफूला द्यायचा तर या दुकानातल्या मोठ्या बहिणीच्याच हातात.”

“सध्या जरा...” मी सुरुवात केली.

“दे इकडे,” म्हणत ताईने तो घेतलासुद्धा.

“घेता ना?” बाईंनी विचारलं. “कारण जाहिरातीत लिहिलंय, नाजूक काम घेत नाही म्हणून.”

भाऊजी डबा घेऊन नेमके तेव्हाच दारात आले आणि तिथेच थिजले. ताई खिडकीशी गेली. स्कार्फ उजेडात धरला. मग डोळे मिटले आणि बोटांनी भोक शोधू लागली. किती तरी वेळ शोधत होती. भोक चांगलं पावलीएवढं होतं.

“फोटो कसला आहे हो त्या जाहिरातीत?” तिने विचारलं.

“तपकिरी कोट. कोपराशी रफू केलेला.”

ताईच्या ओठाचा एक कोपरा हलला. दाराकडे तोंड करून ती म्हणाली, “तुमचे बूट वाजतात, माहितीये ना? उभे काय, बसा की.”

भाऊजी स्टुलावर बसले. डबा मांडीवरच राहिला.

“आणि तू गं, डावरे. उलट्या बाजूने हात फिरवला की कळतं मला. माझा धागा उजवीकडून सुरू होतो. या महिन्यातलं सगळं रेशीम डावीकडून विणलेलं आहे.”

मी सुयांच्या उशीकडे बघत राहिले. वीसच्या वीस जागच्या जागी होत्या; ताईने आज एकही उचलली नव्हती.

ताईने स्कार्फची घडी घातली, कडेला कड जुळवत, सावकाश. मग ती चाचपडत काउंटरपर्यंत आली आणि तो माझ्या डाव्या हातात ठेवला.

“हिच्याकडे द्या, बाई,” ती म्हणाली. “मला दिसत नाही.”